जेटीबाहेरचा मिस्त्री : परिविक्षेचे बंधपत्र मुदतीआधी रद्द होण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका मच्छीमार गावातील आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि नाती व काही किरकोळ तपशील बदललेले आहेत. विधी सेवा समितीमार्फत यातल्या दोषी तरुणाचे वकील म्हणून काम माझ्याकडे होते, हे लक्षात घेऊनच वाचकांनी पुढचे वाचावे.

ऑक्टोबर 2019 मध्ये, मासेमारीचा हंगाम चालू असताना, गावच्या जेटीवर एका होडीच्या पंख्यात दुसऱ्याचे जाळे अडकून फाटले. त्यावरून बोलाचाली झाली. बावीस वर्षांचा हा तरुण तेव्हा दारू प्यायलेला होता आणि त्याने हातातले वल्हे समोरच्या गृहस्थांच्या खांद्यावर मारले. गृहस्थ तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते आणि स्वतःच्या लहान फायबर होडीवर पोट भरत होते. त्यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि खांद्याचा सांधा दुखावला. भारतीय दंड संहितेच्या कलम 325 खाली, म्हणजे इच्छापूर्वक जबर दुखापत केल्याबद्दल, खटला चालला आणि ऑगस्ट 2022 मध्ये तरुण दोषी ठरला.

न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवले नाही. अपराधी परिविक्षा (प्रोबेशन) अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार, परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल पाहून, शिक्षा न सुनावता त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्यात आले. या बंधपत्राची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि देखरेखीचा आदेश दिला तर ती देखरेख किमान एक वर्षाची असावी लागते. येथे बंधपत्र व देखरेख दोन्ही तीन वर्षांची होती आणि तरुणाचे मामा जामीनदार होते. शर्ती चार होत्या. दर महिन्याला परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे हजर राहायचे, दारूला शिवायचे नाही, गावच्या जेटीवर पाऊल ठेवायचे नाही आणि परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचे नाही. त्याशिवाय याच अधिनियमाच्या कलम 5 खाली जखमी गृहस्थांना 40,000 रुपये भरपाई, दरमहा 2,000 रुपयांच्या हप्त्याने द्यायची होती.

आमच्याकडे अशा आदेशाला लोक सरसकट ‘बाँडवर सुटला’ म्हणतात आणि त्या ‘सुटला’ शब्दाने फसगत होते. शर्त मोडली तर न्यायालय त्याला परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. तरुणाला हे समजायला सात महिने लागले.

अडचण कशी उभी राहिली

सुरुवातीला तो वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरातून खलाशी म्हणून जाऊ लागला. गावची जेटी बंद असल्यामुळे दुसरा मार्ग नव्हता, पण त्या होडीवर परत येताना पिण्याची रीतच होती. मार्च 2023 च्या शिमग्यात तो प्यायला. दुसऱ्या दिवशी हजेरीची तारीख होती, तेव्हा त्याने ते स्वतःच परिविक्षा अधिकारी मॅडमना सांगितले. त्यांनी दयामाया न दाखवता न्यायालयाला कळवले. कलम 9 मध्ये पहिल्या कसुरीसाठी, बंधपत्र चालू ठेवून, 50 रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे आणि न्यायालयाने तो दंड केला. रक्कम किरकोळ होती, पण पुढची चूक थेट तुरुंगात नेईल हे त्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला सरळ शब्दांत ऐकवले.

त्यानंतर त्याने खलाशाचे काम सोडले. तालुक्याच्या ठिकाणी होड्यांच्या इंजिनांचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे तो हाताखाली लागला. दर आठवड्याला व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीला जाणे सुरू झाले. हाताला काम लागले आणि, मिस्त्री सांगतात त्याप्रमाणे, कानही तयार झाला. डिझेल इंजिन कुठे अडते आहे हे तो आवाजावरून ओळखू लागला.

अडचण इथेच होती. मिस्त्रींची निम्म्याहून अधिक कामे याच गावच्या जेटीवरची होती. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीबंदी असते. होड्या तेव्हा वर ओढून ठेवतात आणि इंजिन उतरवणे, गिअरबॉक्स उघडणे, शाफ्ट सरळ करणे ही सगळी मोठी कामे त्याच काळात निघतात. मिस्त्रींचे वर्षाचे उत्पन्न या दोन महिन्यांवर उभे असते. सुटे भाग आणायला कोल्हापूरला किंवा गोव्याला जावे लागते आणि तेही त्याला बंद होते.

मी त्याला पहिल्यांदा कामावर पाहिले तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. जेटीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी वडाचा पार आहे. तरुण हत्यारांची पेटी घेऊन तिथवर यायचा, पेटी दुसऱ्या पोराच्या हाती द्यायचा आणि पाराशी उभा राहायचा. खाली जेटीवर तो पोर इंजिन चालू करून फोन इंजिनाजवळ धरायचा. इकडे हा डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, “नोझल काढ. नाय, दुसरो. मागचो.” ज्या कामामुळे तो सावरला होता, ते काम करायलाच त्याला बंदी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. फेब्रुवारी 2024 मध्ये बंधपत्राचे अठरा महिने उरले होते. वाट पाहण्यात कायद्याचा धोका नव्हता, पण 2024 आणि 2025 असे बंदीचे दोन्ही हंगाम त्यात गेले असते आणि मिस्त्रींनी दुसरा माणूस ठेवला असता. बेकार बसलेल्या मुलाच्या दारूची भीती त्याच्या आईला सर्वांत जास्त होती आणि ती भीती मला अवाजवी वाटली नाही.

दुसरा पर्याय दर वेळी परवानगी मागण्याचा होता. जिल्ह्याबाहेर जाण्यापुरते ते शक्य होते. जेटीच्या बंदीला मात्र आदेशात अपवादच नव्हता, त्यामुळे परिविक्षा अधिकाऱ्यांना तशी परवानगी देण्याचा अधिकारही नव्हता.

तिसरा पर्याय मूळ आदेशाविरुद्ध अपिलाचा होता. मुदत उलटून गेली होती आणि मुळात आदेशात चूकही नव्हती. ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी जेटीची बंदी योग्यच होती. हा विचार आम्ही पाच मिनिटांत सोडला.

उरले कलम 8 चे दोन मार्ग. पोटकलम (1) नुसार न्यायालय बंधपत्राच्या शर्ती बदलू शकते, मुदत कमी करू शकते आणि मूळ आदेशापासून तीन वर्षांच्या आत राहून वाढवूही शकते. पोटकलम (3) नुसार, अपराध्याची वर्तणूक अशी आहे की यापुढे त्याला देखरेखीखाली ठेवणे अनावश्यक आहे, अशी खात्री झाली तर न्यायालय बंधपत्रच रद्द करू शकते. पहिल्या मार्गासाठी अपराध्याचे आणि जनतेचे हित दाखवावे लागते, तर दुसऱ्यासाठी वर्तणूक. तरुणाला अर्थातच सगळे रद्द व्हायला हवे होते.

माझा सल्ला वेगळा होता आणि त्यावर आमचे दोन बैठकांत बोलणे झाले. मी त्याला विचारले की जेटीची बंदी कोणासाठी घातली होती. तो म्हणाला, “माझ्यासाठी.” मी म्हटले, ती त्या काकांसाठी होती. ते सकाळी मासळी उतरवायला येतात तेव्हा त्यांना समोर तू दिसू नयेस, यासाठी होती. बंदीतला तेवढा भाग अजून लागतो का, आणि उरलेला भाग कोणाच्याच कामाचा नसताना चालू आहे का, हे दोन प्रश्न वेगळे मांडले तर न्यायालयाला निर्णय करणे सोपे जाईल, अशी माझी समजूत होती. शेवटी अर्जात मुख्य मागणी बंधपत्र रद्द करण्याची आणि पर्यायी मागणी शर्ती बदलण्याची ठेवायचे ठरले.

केलेली कार्यवाही

इथे पहिली चूक झाली आणि ती माझी होती. अर्ज मी तरुणाच्या नावाने तयार करून दाखल केला. कलम 8 च्या दोन्ही पोटकलमांत अर्ज परिविक्षा अधिकाऱ्यांनी करावा असे स्पष्ट लिहिले आहे. मी ते वाचले होते, पण आधी अर्ज देऊन न्यायालयाकडून अधिकाऱ्यांचा अहवाल मागवून घेता येईल असे धरून चाललो. न्यायालयाने पहिल्याच तारखेला हे दाखवून दिले. अर्ज मागे घ्यावा लागला आणि जवळपास तीन आठवडे वाया गेले. मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते आणि 1 जूनला बंदी सुरू होते. त्यात 7 मे 2024 रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते, त्यामुळे सरकारी कार्यालयांतली माणसे निवडणुकीच्या कामाला जुंपलेली होती. तीन आठवडे म्हणजे आमच्यासाठी थोडा काळ नव्हता.

मग आम्ही परिविक्षा अधिकारी मॅडमकडे गेलो. अर्ज त्यांनी करावा अशी विनंती करण्यापूर्वी त्यांना पटेल असे काहीतरी हातात हवे होते. हजेरीची नोंद त्यांच्याकडे होतीच. आम्ही व्यसनमुक्ती गटाच्या संयोजकांचे पत्र, मिस्त्रींचे पत्र, मजुरी बँकेत जमा झाल्याचे पासबुक आणि भरपाईच्या हप्त्यांच्या पावत्या महिन्यांच्या क्रमाने लावून नेल्या. अठरा हप्ते भरले गेले होते, दोन बाकी होते. मिस्त्रींनी मजुरीतून वळते करून घेण्याच्या बोलीवर 4,000 रुपये आगाऊ दिले आणि अर्जाआधीच भरपाई पूर्ण केली. सरपंचांचा ‘मुलगा होतकरू व सुस्वभावी आहे’ असा दाखलाही तरुणाच्या घरच्यांनी आणला होता. तो मी जोडला नाही. ज्याने पाहिले तोच सांगू शकतो, आणि सरपंचांनी त्याला या काळात पाहिलेले नव्हते.

शिमग्याच्या चुकीबाबत घरात मतभेद होते. मामांचे म्हणणे असे की दंड भरून झाला, आता उकरून काढायचे कशाला. नोंद न्यायालयाच्या कागदावर होतीच, त्यामुळे ती लपली नसती. पण माझ्या दृष्टीने प्रश्न लपण्याचा नव्हता. ती चूक कशी झाली, त्यानंतर त्याने कोणते काम सोडले आणि कोणते धरले, हा अर्जाचा कणाच होता. मॅडमनी आपल्या अर्जात दुसरा परिच्छेदच त्या घटनेवर लिहिला आणि त्यापुढच्या बारा महिन्यांतली प्रत्येक भेट तारखेनुसार दिली.

मामांचा विषय निराळाच होता. शर्तीत बदल करण्यापूर्वी जामीनदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्याने बदलाला संमती नाकारली तर न्यायालय नवे बंधपत्र मागू शकते, आणि ते देता आले नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. म्हणजे सवलत मागायला जावे आणि जामीनदार अडून बसला तर होते तेही धोक्यात यावे, अशी शक्यता होती. मामांना भीती अशी की भाचा जेटीवर जायला लागला, पुन्हा काही झाले, तर त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा येणार. आम्ही त्यांना अर्ज करण्यापूर्वी सगळे समजावले आणि विचार करायला आठवडा दिला. त्या आठवड्यात ते एकदा मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन बसून आले. त्यानंतर हो म्हणाले.

सर्वांत अवघड भाग जखमी गृहस्थांचा होता. कलम 8 मध्ये जखमी व्यक्तीला नोटीस देण्याची सक्ती नाही, पण त्यांचे म्हणणे न ऐकता अर्ज चालवू नये असे मला आणि मॅडमना दोघांनाही वाटत होते. मॅडम त्यांना भेटायला जाणार होत्या. त्याआधीच, आम्हाला न सांगता, तरुणाची आई नारळ आणि सोलांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेली आणि टाइप करून आणलेला ‘आमची हरकत नाही’ असा कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला. तिच्या मनात माफी मागण्याचेच होते. पण गावात समोरासमोर, शेजाऱ्यांदेखत, एका बाईने हात जोडल्यावर नाही म्हणणे सोपे नसते. गृहस्थांनी सही केली नाही, पिशवीही घेतली नाही, आणि हे सारे त्यांनी सरकारी वकिलांना कळवले. सरकारी वकिलांनी दबाव आणल्याचा मुद्दा काढला आणि त्यात चूक काहीच नव्हते.

मॅडम नंतर गेल्या तेव्हा गृहस्थ खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाळे दुरुस्त करत बसले होते. मॅडमच्या अहवालात या भेटीचे जे वर्णन आहे, त्यातले एक वाक्य मला विसरता आलेले नाही. गृहस्थांनी जाळ्याची वरची दोरी खुंटीऐवजी गुडघ्याच्या उंचीवर बांधली होती, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते म्हणाले की रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) हात लावणे केव्हाच सुटले, होडीवरही आता मुलगाच वल्हे धरतो.

न्यायालयात त्यांनी स्वतः येऊन सांगितले, “माका त्येचो राग नाय. त्येना काम करूक व्हया. पण सकाळी होडी लागता तेवा तो माज्या समोर नको. माजो हात अजून वर जाणा नाय, सायबानू.” न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. त्याच दिवशी तरुणाला काही सांगायचे आहे का असे विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला की सकाळी तो जेटीवर येणार नाही, कोर्टाने सांगितले तरी किंवा नाही तरी.

निकाल

एप्रिल 2024 च्या अखेरीस न्यायालयाने बंधपत्र रद्द करण्याची मुख्य मागणी मान्य केली नाही. एका कसुरीनंतरचे एक वर्ष चांगले गेले असले तरी, ते वर्ष जेटीपासून दूर राहून गेले आहे. जेटीवर तो कसा वागतो याचा पुरावा अजून नाही, असे कारण दिले. आम्हाला निराशा वाटली, पण कारण योग्य होते. पर्यायी मागणी मात्र कलम 8(1) खाली मंजूर झाली. पहाटे पाच ते सकाळी साडेआठ ही मासळी उतरवण्याची व लिलावाची वेळ सोडून कामासाठी जेटीवर जाण्यास परवानगी मिळाली. जखमी गृहस्थांच्या होडीजवळ व घराजवळ जाण्यास मनाई झाली. सुट्या भागांसाठी कोल्हापूर व गोव्याला जाताना आगाऊ कळवणे पुरेसे ठरले. दारूबंदी व मासिक हजेरी कायम राहिली आणि सहा महिन्यांनंतर नव्याने अर्ज करण्याची मुभा ठेवली.

त्या वर्षीच्या बंदीत त्याने जेटीवर चौदा इंजिने खोलली. तक्रार आली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मॅडमनी कलम 8(3) खाली दुसरा अर्ज केला. या वेळी तो दोन पानांचा होता. सरकारी वकिलांनी जखमी गृहस्थांना विचारून हरकत नसल्याचे सांगितले आणि बंधपत्र मुदतीच्या नऊ महिने आधी रद्द झाले.

आदेश हाती आल्यावर तरुणाने विचारले की आता केस पुसली गेली का. नाही. बंधपत्र रद्द झाल्याने देखरेख संपते, दोषसिद्धी जात नाही. कलम 12 नुसार दोषसिद्धीमुळे एरवी ओढवणारी अपात्रता परिविक्षेवर सुटलेल्या माणसाला लागू होत नाही. पण ज्या वर्तनाबद्दल तो दोषी ठरला ते घडलेच नाही असे यामुळे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये भारत सरकार विरुद्ध बक्षीराम या प्रकरणात, नोकरीच्या संदर्भात, स्पष्ट केले आहे. हे मी त्याला पहिल्या बैठकीतच सांगितले होते असे मला वाटत होते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाटले, सांगितले असेल, पोहोचवले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

माझ्या नावावरची चूक वर सांगितलीच आहे. अर्ज करण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्याकडे मी शेवटी नव्हे, सुरुवातीला जायला हवे होते. त्याचा दुसरा तोटा असा झाला की परिविक्षा अधिकारी मॅडमना काही काळ आपल्याला टाळून काम चालले आहे असे वाटले. त्यांनी ते मनात ठेवले नाही, ही त्यांची मोठी बाजू.

आईच्या भेटीबाबत मी तिला दोष देणार नाही. ‘जखमी व्यक्तीला तुमच्यापैकी कोणीही भेटायचे नाही’ असे आम्ही तरुणाला बजावले होते, घरच्यांना नाही. बंधपत्र एकाच्या नावाने असते, पण ते सगळे घर पाळत असते. त्यामुळे सूचनाही सगळ्या घराला, शक्यतो लेखी आणि त्यांच्या बोलीत, द्यायला हवी होती. आता मी तसे करतो.

मूळ आदेशाच्या वेळीही एक संधी हुकली. जेटीची बंदी वेळेनुसार घालता आली असती. तशी मागणी 2022 मध्ये तेव्हाच्या वकिलांनी केली असती तर तरुण त्या दुसऱ्या बंदरावर, पिणाऱ्या होडीवर, गेलाच नसता असे मी ठामपणे म्हणत नाही, पण तो धोका कमी झाला असता. शर्त घालताना माणूस उद्या सकाळी कुठे कामाला जाणार आहे, हे विचारायला दोन मिनिटे लागतात.

पहिल्या अर्जात थेट रद्द करण्याची मागणी ठेवावी की नको, याबद्दल माझे मत आजही पूर्ण ठरलेले नाही. ती ठेवल्यामुळे जखमी गृहस्थ घाबरले हे नंतर कळले. ‘सगळाच सोडतले’ असे त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. दुसरीकडे, ती मागणी असल्यामुळेच न्यायालयाने नाकारण्याचे कारण लिहिले आणि पुढचे सहा महिने नेमके काय दाखवायचे आहे हे आम्हाला समजले. आज तसेच प्रकरण आले तर मी बहुधा फक्त शर्ती बदलण्याचा अर्ज करायला सांगेन आणि रद्द करण्याचा विषय नंतरसाठी ठेवेन.

तरुण आता जेटीवर साडेआठनंतरच येतो. आदेश संपला तरी त्याने वेळ बदललेली नाही. जखमी गृहस्थांच्या होडीचे इंजिन दुसरे मिस्त्री पाहतात आणि तरुणाने ते काम कधी मागितलेले नाही.